सुरतेची रेल आणि सुरतेची विद्यापीठं

सुरत म्हटलं की मराठी माणूस एकदम १६६४ मध्ये जाऊन पोहोचतो. पहिली लूट, मग १६७० ची दुसरी. तिथून जो उडी मारतो तो थेट १९९४ च्या प्लेगमध्ये. मधली सव्वातीनशे वर्षं आपल्या लेखी सुरत जणू नव्हतीच. मी मूळची भुसावळची, लग्नानंतर सुरतकर झाले आणि पालिकेच्या एका मराठी शाळेत बरीच वर्षं शिकवलं. त्यामुळे मंडळात यंदा ‘शहर टिकतं कशावर’ हा विषय निघाला आणि त्यातला विद्यापीठांचा वाटा कुणी लिहायचा असं विचारलं गेलं, तेव्हा मी सुरतेचं नाव पुढे केलं. पुणे-मुंबईबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

आधी दोन आकडे सांगते, कारण सगळा लेख त्यांच्याभोवती फिरणार आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये तापीला पूर आला तेव्हा पाणी होतं अंदाजे १५.५ लाख क्यूसेक, आणि होप पुलाजवळची पातळी होती १२.०८ मीटर. ऑगस्ट २००६ मध्ये पाणी होतं ९.०९ लाख क्यूसेक, आणि पातळी १२.४० मीटर. (एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर. धोक्याची पातळी इथे ९.५ मीटर धरतात.) म्हणजे बघा, पाणी आधीच्या जेमतेम साठ टक्के आणि चढलं मात्र फूटभर जास्त. नदी तीच, पूल तोच. मग या अडतीस वर्षांत बदललं काय?

हा प्रश्न विचारायला आणि त्याचं उत्तर मोजून काढायला शहरात कुणीतरी लागतं. महापालिकेचा आयुक्त दोन-तीन वर्षांनी बदलतो. धरणावरच्या अभियंत्याची बदली होते. नगरसेवकाची नजर पाच वर्षांपुढे जात नाही, आणि तशी ती जावी अशी आपली अपेक्षाही नसते. तीस-चाळीस वर्षांचा हिशेब एका जागी बसून ठेवणारी संस्था शहरात एकच असते, ती म्हणजे कॉलेज किंवा विद्यापीठ. सुरतेत ते काम कसं झालं, कुठे झालं आणि कुठे राहून गेलं, एवढंच मला सांगायचं आहे.

सुरती लोक पुराला ‘रेल’ म्हणतात. आगगाडीशी त्याचा संबंध नाही. ‘अडुसष्टची रेल’, ‘छ-ची रेल’ असं म्हातारी माणसं सहज बोलून जातात, आपल्याकडे पुण्यात ‘पानशेतच्या वेळी’ म्हणतात तसं. आणि ही रेल ज्या पुलावर मोजतात तो होप पूल १८७७ चा. नंतर नवे पूल कितीतरी झाले, पण पातळी अजून होप पुलाच्याच नावानं सांगतात. ज्याच्या नावानं हा पूल आहे तो थिओडोर होप सुरतेचा कलेक्टर होता, पण त्याआधी तो गुजरातचा शिक्षण खात्याचा निरीक्षक होता. गुजराती शाळांमधून पिढ्यानपिढ्या चाललेली ‘होप वाचनमाळा’ ती त्याचीच. आपल्याकडे मेजर कँडीचं जे स्थान तेच तिकडे होपचं. क्रमिक पुस्तकं करणाऱ्या माणसाचं नाव पुराच्या मोजपट्टीला लागावं, हा योगायोग मला आवडतो.

पण एवढ्या मोठ्या व्यापारी शहराला स्वतःचं उच्च शिक्षण फार उशिरा मिळालं. १८३७ मध्ये एप्रिलात सुरतेला प्रचंड आग लागली, नऊ हजारांहून जास्त घरं जळाली, आणि त्याच वर्षी पावसाळ्यात तापीचा पूर आला. त्या पडझडीनंतरच्या सुरतेत १८४० च्या दशकात आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर इंग्रजी शाळेत शिकवायला आले. तेच, मराठी व्याकरणवाले. तिथे दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्याबरोबर त्यांनी १८४४ मध्ये मानवधर्म सभा काढली. पुढे मुंबईत परमहंस सभा निघाली तिचं बी इथलं. मास्तरांनी शहराच्या कारभारात, रूढींत तोंड घालण्याची सुरतेतली ही पहिली ठळक वेळ, आणि त्यात एक मराठी मास्तर होता हे आपण विसरून गेलोय. कवी नर्मद (१८३३–१८८६) सुरतेचाच, पण कॉलेजसाठी त्याला मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये जावं लागलं. सार्वजनिक एज्युकेशन सोसायटी निघाली १९१२ मध्ये, तिचं एम. टी. बी. कॉलेज १९१८ मध्ये. तोपर्यंत सुरतेच्या मुलाला पदवी हवी तर गाव सोडणं आलंच.

खरी गोष्ट सुरू होते ती साठच्या दशकात. १९६१ मध्ये इथे प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. नागपूरचं विश्वेश्वरय्या कॉलेज त्याच्या एक वर्ष आधीचं, दोन्ही एकाच योजनेतली भावंडं. तेच सुरतेचं कॉलेज २००२ मध्ये एनआयटी झालं. आज सगळे त्याला एसव्हीएनआयटी म्हणतात. दक्षिण गुजरात विद्यापीठाचा कायदा १९६५ चा, काम सुरू झालं १९६७ मध्ये. २००४ पासून त्याच्या नावाआधी ‘वीर नर्मद’ लागलं. १९६९ मध्ये समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी एक छोटं संशोधन केंद्र काढलं, ते आजचं सेंटर फॉर सोशल स्टडीज. विद्यापीठाच्या आवारात, पण स्वायत्त. आणि १९७२ मध्ये वर उकाईचं धरण पुरं झालं, शहरापासून साधारण शंभर किलोमीटरवर.

या तारखांच्या मधोमध अडुसष्टची रेल आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे सुरतेच्या ज्ञानाच्या संस्था आणि सुरतेचं धरण, दोन्हींचा जन्म एकाच पुराच्या आगेमागे झाला. शहराने विश्वास टाकला तो धरणावर. ते साहजिकच होतं. १९६१ च्या जनगणनेत सुरतेची वस्ती २.८८ लाख होती. १९९१ मध्ये ती पंधरा लाखांच्या घरात गेली, २०११ मध्ये ४४ लाखांच्या वर. हिरे, जरी, यंत्रमाग, पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या मिल. एवढी माणसं राहणार कुठे? जिथे नदी पूर्वी पावसाळ्यात हातपाय पसरायची तिथे. अडाजण, रांदेर, कतारगाम. धरण झालं म्हणजे रेल गेली असं लोक मानत होते, आणि जागा विकणारे ते आनंदाने सांगत होते.

प्लेगबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर मराठीत थोडंफार लिहिलं गेलंय. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची बातमी आली. सप्टेंबरात सुरतेत, वेड रोडच्या बाजूला, फुप्फुसाचा. त्याआधी शहरात तापीचं पाणी शिरून गेलं होतं, कचरा आणि मेलेली जनावरं कुजत होती. काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या टपावरसुद्धा माणसं होती. मृतांचा अधिकृत आकडा देशभरात साठाच्या आत राहिला, पण सुरतेचं नाव जगभर काळवंडलं. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा झोन करून अधिकाऱ्यांना अधिकार दिले आणि ‘एसी टू डीसी’ म्हणत, म्हणजे वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामावर, सगळ्यांना सकाळी रस्त्यावर उतरवलं. १९९६ मध्ये इंटॅकने सुरतेला चंदीगडच्या खालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. अगदी अलीकडे, २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात, इंदूरबरोबर पहिला क्रमांक.

ही रावसाहेबांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि ती खरीही आहे. पण त्याच काळात सेंटर फॉर सोशल स्टडीजमधले घनश्याम शाह वेगळंच काम करत होते. प्लेग का झाला याचा शोध त्यांनी उंदीर-पिसवांवर थांबवला नाही. शहर कसं वाढलं, गटारं कुणाच्या वस्तीपर्यंत पोहोचली आणि कुणाच्या नाही, नोकरीसाठी आलेला मजूर नगरपालिकेच्या हिशेबात होता का, असं ते विचारत गेले. त्यांचं सार्वजनिक आरोग्य आणि नगरविकासावरचं, सुरतेच्या प्लेगचं पुस्तक १९९७ मध्ये आलं. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातच्या मजुरांवर साठच्या दशकापासून जे लिहिलं तेही याच परंपरेतलं. माझ्या मते आयुक्तांनी शहर झाडून स्वच्छ केलं, पण ते घाण का झालं होतं याची नोंद एका प्राध्यापकाने ठेवली. पहिल्या कामाला पद्म पुरस्कार मिळाला, दुसऱ्याची प्रत ग्रंथालयाच्या कपाटात राहिली. दोन्ही कामं लागतात. दुसरं नसेल तर तीस वर्षांनी पहिलं का करावं लागलं हे सांगायला कुणी उरत नाही.

आता २००६. त्याच वर्षी शहराची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर गेली होती. ७ ऑगस्टपासून उकाईतून विसर्ग वाढत गेला. वरून, म्हणजे आपल्याच खानदेशातून आणि मध्य प्रदेशातून, पाणी येत होतं. धरण आधीच बरंच भरलेलं होतं. शहराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला. आम्ही तेव्हा अडाजणला दुसऱ्या मजल्यावर होतो, चार दिवस खाली उतरता आलं नाही. पाणी ओसरल्यावर इमारतीच्या भिंतीवर चिखलाची एक रेघ राहिली, ती सोसायटीने मुद्दाम रंगवली नाही.

पाणी उतरल्यावर भांडण सुरू झालं. ही आपत्ती निसर्गाची की माणसाची? टीकाकार म्हणाले, धरणात जागा ठेवली असती तर एकदम एवढं पाणी सोडावं लागलं नसतं. सरकारी बाजू म्हणाली, पाऊसच तसा होता. या भांडणाच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. उकाई एकाच वेळी शेतीला पाणी द्यायला, वीज करायला आणि पूर अडवायला बांधलंय. शेती आणि विजेसाठी ते पावसाळ्याअखेर ३४५ फुटांपर्यंत भरलेलं हवं, आणि पूर अडवायचा तर ऑगस्टात ते रिकामं हवं. दोन्ही एका भांड्यात होत नाही. कुठल्या तारखेला किती पातळी ठेवायची याचं एक वेळापत्रक असतं, आणि सगळं शहर त्या वेळापत्रकावर जगतं.

पण धरणाचं वेळापत्रक कितीही चुकलं असलं तरी माझे सुरुवातीचे दोन आकडे त्याने सुटत नाहीत. पाणी कमी आणि पातळी जास्त, हे कसं? इथे एसव्हीएनआयटीची मंडळी कामी आली. त्यांचं काम थोडं समजावून सांगते, मला समजलं तसं.

नदीचा नकाशा वरून काढला तर ती एक रेघ दिसते. अभियंत्याला ती हवी असते आडवी कापलेली, पाव कापावा तशी. ठरावीक अंतरावर नदीचा आडवा छेद घ्यायचा: तळ कुठे, काठ कुठे, पाळा कुठे. उकाईपासून होप पुलापर्यंत आणि पुढे समुद्रापर्यंत असे छेद एकामागे एक मांडले की संगणकात नदी उभी राहते. त्यासाठी अमेरिकन सैन्याच्या अभियंत्यांनी केलेली हेक-रास नावाची प्रणाली वापरतात, ती फुकट मिळते. मग एक गोष्ट राहते, तळाचा खरखरीतपणा. वाळूवरून पाणी एका वेगाने जातं, झाडोरा आणि दगडधोंड्यांवरून वेगळ्या. रॉबर्ट मॅनिंग नावाच्या आयरिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात यासाठी एक सूत्र बसवलं, त्यातला खरखरीतपणाचा आकडा हाताने मोजता येत नाही. तो जुन्या पुरांवरून काढावा लागतो. अमुक पुरात एवढं पाणी सोडलं तेव्हा होप पुलावर पातळी किती होती? संगणकातली नदी तेवढीच पातळी दाखवेपर्यंत आकडा पुढे-मागे करायचा. तिंबाडिया, पटेल आणि पोरे या तिघांनी २०११ मध्ये छापलेल्या निबंधात हेच केलंय. १९९८ आणि २००३ च्या पुरांवर नदी बसवली आणि मग तिला २००६ चा पूर देऊन परीक्षा घेतली. यातले पोरे म्हणजे प्रकाश पोरे, नागपूरच्या व्हीएनआयटीतून आलेले आणि पुढे सुरतेच्या संस्थेचे संचालक झालेले.

आपल्या मंडळाने यातली एक गोष्ट नीट पाहावी असं मला वाटतं. संगणक नवा, सूत्र सव्वाशे वर्षांचं, पण ज्यावर सगळं उभं आहे ती होप पुलावरची पातळीची नोंद. कुणी तरी कारकून पावसात छत्री धरून पट्टीवरचा आकडा वहीत लिहीत गेला म्हणून हे जमलं. जुनी नोंद नसेल तर ती नदी संगणकात चालत नाही.

आणि उत्तर काय मिळालं? एकच असं कारण नाही. शहराजवळ नदीचा तळ गाळाने उथळ झाला. १९९५ मध्ये सिंगणपूरजवळ बंधारा-कॉजवे झाला. शहराला पिण्याचं पाणी मिळालं, भरतीचं खारं पाणी अडलं, पण गाळाला बसायला जागाही झाली. दोन्ही काठांना पाळे बांधले. पाळ्यामुळे आतली वस्ती वाचते, पण जे पाणी आधी शेतांमध्ये पसरायचं ते अरुंद नळीत चढतं. आणि जी पसरायची जागा होती तिथे सोसायट्या आल्या. म्हणजे अडुसष्टमध्ये तापीला साडेपंधरा लाख क्यूसेक वाहून न्यायला जेवढी वाट होती तेवढी २००६ मध्ये उरलीच नव्हती. १९९८ मध्येच तसं दिसलं होतं. त्या सप्टेंबरात सात लाख क्यूसेकला पातळी ११.४० वर गेली होती. आकडा वहीत होता, पण वही उघडली आठ वर्षांनी. हे माझं मत आहे, पण त्यातून सुटका नाही: विद्यापीठाचा उपयोग आपत्तीनंतर होतो तेव्हा तो अर्धाच होतो.

२००६ नंतर मात्र बरंच घडलं. २००८ च्या सुमारास रॉकफेलर फाउंडेशनने आशियातल्या शहरांसाठी हवामानबदलाचा एक कार्यक्रम सुरू केला, त्यात सुरत होतं. २०१२ मध्ये सुरत क्लायमेट चेंज ट्रस्ट झाला. त्यात पालिका, चेंबर ऑफ कॉमर्स, पाटबंधारे खातं आणि अभियांत्रिकी संस्थेची माणसं एका टेबलावर आली. वरच्या खोऱ्यात पाऊस किती पडला, उकाईत येणार किती, सोडलं तर शहराच्या कुठल्या भागात पाणी किती चढेल, अशी एकाला एक जोडलेली पूर्वसूचनेची व्यवस्था त्यांनी उभी केली. २०१३ च्या सप्टेंबरात तापीला मोठा पूर आला तेव्हा ती उपयोगी पडली. एसव्हीएनआयटीत जलसंपत्ती आणि पूरव्यवस्थापनाचं स्वतंत्र केंद्रही झालं. पांडेसऱ्याच्या मिलना २०१४ पासून पालिका सांडपाणी शुद्ध करून विकते, रोज चार कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पातून. म्हणजे नदीतून तेवढं गोडं पाणी कमी उपसलं जातं. शहराने शिकून घेतलं, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

आता माझी तक्रार. ती कुण्या एका संस्थेवर नाही, सगळ्या पद्धतीवर आहे.

सुरतेला दोन पूर येतात. एक तापीची रेल, जी तीस-चाळीस वर्षांनी शहर बुडवते. दुसरा खाडीपूर, जो जवळजवळ दर पावसाळ्यात येतो. इथे खाडी म्हणजे समुद्राची नव्हे, शहरातून वाहणारे मोठे ओढे: मीठी खाडी, भेदवाड खाडी, कांकरा खाडी. पाऊस जोरात पडला, भरती असली, की त्या उलट्या फुगतात. उकाईतून एक थेंब सोडलेला नसतो आणि लिंबायतमध्ये गुडघाभर पाणी. जून २०२५ मध्ये पुन्हा तेच झालं. लिंबायत, दिंडोली, गोडादरा, उधना. नावं ऐकून खानदेशातल्या वाचकांना कळलंच असेल कुणाची वस्ती. धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेले आपले लोक. माझ्या वाचनात तापीच्या रेलवरचे निबंध ढीगभर आले, खाडीवरचे मूठभर. मोठ्या नदीचा अभ्यास करायला मोठ्या नोंदी असतात, ओढ्याला कुणी होप पूल बांधून दिलेला नसतो.

नोंदी खरं तर आहेत, पण त्यांना कुणी नोंदी म्हणत नाही. मी शिकवत होते त्या वर्गाचा हजेरीपट बघितला तर जुलै-ऑगस्टात काही दिवशी साठ मुलांच्या वर्गात दहा-बारा हजर. तो दिवस खाडीपुराचा. कुठल्या गल्लीतली मुलं दोन दिवसांनी आली आणि कुठल्या गल्लीतली आठवड्याने, यावरून पाणी कुठे किती दिवस साचलं हे कळतं. पुस्तकं भिजलेली कुणाची, हेही. पालिकेच्या शाळा सुरतेत सात माध्यमांच्या आहेत, गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी. सात भाषांमधले हजेरीपट कपाटात पडून आहेत. अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याने एक उन्हाळी सुट्टी त्यांच्यात घालवली तर खाडीपुराचा नकाशा तयार होईल. आणि तो नकाशा मग मराठीत, ओडियात त्या वस्तीला परत देता येईल. सध्या होतं काय, की वस्तीवर निबंध लिहिला जातो तो इंग्रजीत आणि वस्तीपर्यंत पोहोचते ती फक्त भोंग्याची गाडी.

दुसरी गोष्ट नदीच्या वरच्या अंगाची. तापीचं खोरं ६५,१४५ चौरस किलोमीटर, त्यातलं ५१,५०४ महाराष्ट्रात. गुजरातमध्ये ३,८३७, म्हणजे शंभरात सहासुद्धा नाही. सुरत बुडते ती आपल्या पावसाने. पावसाळ्यात आमच्या भुसावळकडच्या पेपरात बातमी येते, हतनूरचे ४१ दरवाजे उघडले. ती वाचून माझी आई फोन करायची, ‘तुमच्याकडे पाणी येतंय, बरं का गं.’ हीच आमची पूर्वसूचना. जळगावला १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव आहे. खाली सुरतेचं विद्यापीठ नर्मदच्या नावाचं. एका नदीवर दोन विद्यापीठं, दोन्ही कवींच्या नावाची, अशी जोडी देशात दुसरी कुठे असेल तर मला सांगा. पण भाषा, राज्य आणि पाटबंधारे खातं तिन्ही मध्ये बदलतात, त्यामुळे वरच्या कवयित्रीला खालच्या कवीशी बोलायला कारण मिळत नाही. हॉलंडमध्ये १९५३ च्या पुरानंतर जे झालं ते छोट्या, एका राज्याच्या देशात झालं, त्याचं उदाहरण आपल्याकडे द्यायला लोकांना फार आवडतं. आपली नदी तीन राज्यांची आहे. इथे एकमेकांचे आकडे मागून घ्यायलाच पहिली दहा वर्षं जातात.

उकाईच्या फुगवट्याखाली तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली, आताच्या नंदुरबारमधली गावंही गेली. सुरत वाचवायला झालेल्या धरणाची किंमत नवापूरकडच्या आदिवासींनीही भरली. त्यांच्या हिशेबाची वही कुणाकडे आहे, हा या लेखाच्या बाहेरचा विषय. मंडळात कुणी नवापूरकडचे असतील तर त्यांनी तो घ्यावा.

आता रुंढच्या बाजूला तापीवर आणखी एका बॅरेजची योजना आहे. शहराला गोडं पाणी हवंय, यात वाद नाही. पण सिंगणपूरच्या बंधाऱ्याने तळाचं काय केलं हे ज्यांनी मोजलं त्यांचं म्हणणं आधी ऐकून घेतलं गेलं, तर १९९८ ते २००६ सारखी आठ वर्षं वाया जाणार नाहीत.

जाता जाता एक विनंती. सुरतेत राहणाऱ्या किंवा नातेवाईक असलेल्या वाचकांनी घराच्या, देवळाच्या, दुकानाच्या भिंतीवर १९६८, १९९४, १९९८ किंवा २००६ ची पुराची खूण असेल तर ती मोजून ठेवावी. रांदेरच्या जुन्या गल्ल्यांत आणि ओवाऱ्यांच्या पायऱ्यांजवळ अजून काही सापडतात. आमच्या अडाजणच्या इमारतीवरची रेघ मागच्या दिवाळीत रंगाखाली गेली, पण तिची उंची मी आधीच लिहून ठेवली होती. मोजताना उंबऱ्यापासून मोजा, रस्त्यापासून नको, रस्ता दर चार वर्षांनी डांबराने वर येतो. कुठल्या सालची खूण, सांगितलं कुणी, आणि उंबरा नंतर उंचावला असेल तर किती, तेवढं सोबत लिहा.